रिकाम्या रुळांवरचं मोजमाप

अंबरनाथच्या एका कारखान्यात मी विजेच्या कामाचा सुपरवायझर आहे. कारखान्याला सायडिंग आहे, म्हणजे मालाचे डबे आत आणून उभे करायची स्वतःची रेल्वे लाईन. तिथले दिवे माझ्याकडे. बायको गेल्यापासून स्टेशनच्या पश्चिमेच्या फ्लॅटवर लवकर जाऊन करणार काय? टीव्हीला शिव्या द्यायच्या आणि एकट्यापुरती खिचडी टाकायची. त्यापेक्षा मी संध्याकाळी सायडिंगवरच रेंगाळायचो.

तिथे एक पॉईंटमन होता. डबे जोडायचे, सोडवायचे, ब्रेक बघायचे, हे त्याचं काम. वांगणीच्या पुढच्या पाड्यावरून यायचा, माझ्याच वयाचा. रोजचा चहा आम्ही बरोबर प्यायचो. भाताचं, पोरीच्या बाळंतपणाचं, काय वाट्टेल ते सांगायचा. खरं सांगतो, दिवसभरात माझ्याशी कामाशिवाय बोलणारा तो एकटाच माणूस होता.

जुने पिवळे दिवे काढून मी नवे एलईडी फ्लडलाईट बसवले. विजेच्या सामानाच्या बाजारात स्वतः फिरून पारखून आणले होते. उंच खांब, सगळे एकाच बाजूला, म्हणजे केबल कमी लागते. मग मीटर घेऊन पायवाटेवरचा उजेड मोजला. आकडे असे झकास आले की मीच माझी पाठ थोपटून घेतली.

दुसऱ्याच दिवशी पॉईंटमन म्हणाला, "साहेब, ही बत्ती डोल्यांत घुसते. आन् डबे लागले का त्या अंगाला मना काय दिसत नाय."

माझं डोकंच फिरलं. "मीटर काय खोटं बोलतं? तू मला लाईट शिकवणार आता? होईल सवय!"

चहा मात्र तो प्यायला.

पुढे एकदा दिवेलागणीला तो उभ्या डब्यांच्या पलीकडून चालला होता. चाकाखाली लावायचा लाकडी ठोकळा वाटेत पडला होता, त्यावर अडखळला आणि घोट्याचं हाड मोडलं. चौकशी झाली. माझ्यापुढे कागद आला: उजेड पुरेसा होता का, अपघात कशामुळे झाला. मी आकडे जोडले आणि लिहिलं, उजेड पुरेसा होता, चालणाऱ्याचा निष्काळजीपणा. दोन ओळी. सही ठोकली. तो कंत्राटी कामगार; कंत्राटदाराने त्याला कामावरून काढलं.

मग संध्याकाळ खायला उठायला लागली. चहा घेऊन उभा राहायचो आणि तो तसाच ओतून द्यायचो.

अशाच एका संध्याकाळी, डबे लागलेले असताना, मी सहज त्या बाजूने चालत गेलो. फ्लडलाईट आधी डोळ्यांवर आला, मग डबे आणि कुंपणाची भिंत यांच्यामधली गल्ली, डब्यांच्या सावलीत बुडालेली. अरे देवा! मला माझे बूट दिसेनात. मीटर काढलं, तर त्यात नावापुरता आकडा. तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात उजेड पडला. आमच्याकडे पद्धतच आहे, डबे उभे असताना शिडी-मीटर घेऊन कोणी लाईनीत शिरायचं नाही, म्हणून मोजमाप नेहमी रिकाम्या सायडिंगवर. आणि रिकाम्या सायडिंगवर चालतंय कोण? पॉईंटमन तर डब्यांशेजारूनच चालतो.

मला लाज वाटली, आणि भीतीही वाटली. लिहून द्यावं तर माझ्यावर येणार, न द्यावं तर त्याच्यावरचा ठपका कायम. दोन दिवस कागद काढला आणि परत ठेवला. तिसऱ्या दिवशी लिहून दिलं. माझे साहेब म्हणाले, "कशाला उकरून काढताय? मिटलंय ना प्रकरण."

"तुमचं मिटलंय," मी म्हटलं.

मला मेमो मिळाला. पण भिंतीच्या कडेने बुटके खांब लागले, वर टोप्या, उजेड फक्त पायाखाली. या वेळी सेफ्टीच्या माणसाला बरोबर घेऊन, डबे उभे करून मोजमाप केलं. पॉईंटमनवरचा ठपका निघाला, कंत्राटदार त्याला कामावर परत घेतो म्हणाला. ते सांगायला मी स्वतः पाड्यावर गेलो. तो ओट्यावर पाय लांब करून बसला होता. मी सगळं सांगितलं, चुकलो म्हणालो.

त्याने पाय जवळ ओढून घेतला. मग म्हणाला, "पायाचं काय नाय, साहेब. मानूस पडतं. पन तुमी मना रोज बघत व्हता, आन् लिवलंत मी बेपर्वा हाय."

मी उठून उभा राहिलो.

"कामाला येन मी," तो म्हणाला. "तुमच्यासंगं बसायला नाय येनार."

आला तो. पाय जरा ओढतो. मी अजूनही संध्याकाळी तिथे थांबतो. नवे दिवे खरोखर चांगले आहेत, डोळ्यांवर येत नाहीत, डब्यांच्या कडेने येणारा माणूस लांबूनही ओळखू येतो. त्यालाही मी दिसतो. तो जवळून जातो, पुढचा ब्रेक बघतो आणि चालत राहतो.