म्हाताऱ्या उंदरांचा नंबर

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. माझ्या प्रबंधातला मुख्य निष्कर्ष खोटा आहे, आणि प्रबंध देण्याआधीच ते मला कळलं होतं.

सत्तरच्या दशकात मी सोलापूरच्या एका कॉलेजात पांढऱ्या उंदरांवर काम करत होतो. शेंगदाण्याचं कूट डब्यात राहून खवट होतं, तशी शरीरातली चरबीही ऑक्सिजनने बिघडते. त्यातून निघणारी द्रव्यं पेशीच्या आवरणाला चिकटतात, मग संप्रेरकांचा निरोप आत पोचत नाही, म्हातारपण म्हणतात ते हेच, असं माझ्या मार्गदर्शक सरांचं म्हणणं. यकृताचा लगदा एका रसायनात उकळला की गुलाबी रंग येई. खवटपणा जास्त तर रंग गडद. म्हाताऱ्या उंदरांचा रोज गडद यायचा. सर खूश.

उष्णतेने यकृत आपोआपच खवट होतं, म्हणून सगळी यकृतं सकाळीच बर्फावर ठेवायचो. वहीत डावीकडे तरुण, उजवीकडे म्हातारे असे रकाने. कामही त्याच क्रमाने. बर्फ शिपाईमामा भवानी पेठेतून सायकलवर, बारदानात गुंडाळून आणत. एप्रिलातल्या त्या उन्हात म्हाताऱ्यांची पाळी येईपर्यंत त्याचं पाणी झालेलं असे.

एकदा सरांसमोरच मामा मला म्हणाले, "म्हाताऱ्यांचा नंबर रोज बर्फ संपल्यावरच येतोय की. एक दिवस त्यांना आधी घ्या की."

"मग मामा, प्रबंध तुम्हीच लिहा," मी म्हणालो. सर हसले. मामा नळ्या विसळायला गेले. कामाबद्दल ते पुन्हा कधी बोलले नाहीत.

ते वाक्य मात्र डोक्यातून जाईना. मामा रजेवर गेले तेव्हा बर्फ मीच आणला आणि म्हाताऱ्यांना आधी घेतलं. दुपारी तरुणांचा रंग गडद आला. दुसऱ्या दिवशीही तेच. नळ्या मी स्वतः धुतल्या आणि ते दोन दिवस वहीत लिहिलेच नाहीत.

सही करण्याआधी सरांनी विचारलं, "सगळे नमुने सारखेच थंड होते ना?"

"हो, सर."

त्या 'हो'वर सर निवृत्तीपर्यंत व्याख्यानं देत राहिले. त्यांची कल्पना कदाचित खरीही असेल; आम्ही ती तपासलीच नाही, आम्ही सोलापूरचं ऊन मोजलं. अजूनही मी फ्रिजचं दार लागलंय की नाही ते तीनतीनदा उठून बघतो.

सर आता नाहीत. मामा आहेत. त्यांचं बरोबर होतं हे त्यांच्या तोंडावर सांगणं आणि विद्यापीठाला तसं लेखी कळवणं, ही दोन्ही देणी माझ्याकडे बाकी आहेत.