दूध उतू गेलं की कोण येतं

अमेरिकेत राहायला जागा कुठे घ्यावी हे त्या एवढ्या मोठ्या देशात फक्त एका माणसाला समजत होतं, आणि त्या माणसाला गाडी चालवता येत नव्हती. हे मी माझ्या पदरचं सांगत नाही, ते स्वतःच तसं म्हणत. तुम्ही दोघं नातवंडं त्यांना ‘मिल्क आजोबा’ म्हणायचात. धाकटीला ते आठवणार नाहीत. थोरल्याला कदाचित त्यांच्या पांढऱ्या मिशा आठवतील. मॉरिसव्हिलला आपण वरच्या मजल्यावर राहत होतो आणि ते आपल्या बरोबर खालच्या अपार्टमेंटमध्ये, मुलगा आणि सून यांच्याजवळ. मूळचे नागपूरकडचे, स्टेशन मास्तर म्हणून निवृत्त झालेले, म्हणून मी त्यांना मास्तर म्हणत असे आणि ते मला वहिनी. तुम्ही मोठे व्हाल, घरं बघायला लागाल, तेव्हा त्यांच्याबद्दल तुम्हाला कोणीतरी सांगितलेलं असावं, म्हणून हे नीट बसून लिहिते आहे.

मास्तरांनी आयुष्यात एकही घर निवडलं नव्हतं. बदलीचा हुकूम यायचा, ट्रंका बांधल्या जायच्या, आणि वर्धा ते भुसावळ या मार्गावरच्या कुठल्यातरी लहानशा स्टेशनावर पिवळ्या रंगाचं एक क्वार्टर त्यांची वाट बघत असायचं. गळतं असो, विंचवाचं असो, राहायचं. “आपण क्वार्टरला पसंत करत नाही वहिनी, क्वार्टर आपल्याला पसंत करते,” असं ते म्हणायचे. निवृत्त झाल्यावर नागपुरात जागा बघायची असं नवराबायकोचं ठरलं होतं. बघणं सुरू झालं आणि बाई गेल्या. मग मुलाने अमेरिकेला आणलं. इथे आल्यावर मास्तरांना दिसलं की हा देशच मुळी घरं बघत फिरणाऱ्यांचा आहे. नोकरी बदलली की गाव बदलतात, पगार वाढला की घर. त्यांनी मनाशी एक गोष्ट पक्की केली. ती मला पहिल्याच आठवड्यात सांगितली आणि नंतर वरचेवर सांगितली. “एक घर, फक्त एक, मी स्वतः पाहीन, तपासून पाहीन, आणि मग ‘घ्या’ म्हणेन. त्याच्यानंतर वरून बदलीचा हुकूम आला तरी चालते.”

तो दिवस येईपर्यंत त्यांनी दुसऱ्यांच्या घरांवर हात साफ करायला घेतला. त्या दिवसांत मॉरिसव्हिलला पुण्या-मुंबईची मुलं सारखी येत असत. कोणी शिकून नोकरीला लागलेली, कोणी कंपनीच्या व्हिसावर आलेली, नुकती लग्न झालेली. ती कॉम्प्युटरवर नकाशे काढून शाळेचे गुण, ऑफिसचं अंतर आणि इंडियन ग्रोसरी कुठे आहे ते बघायची. मास्तरांना हे सगळं पोरकट वाटे. त्यांची मतं तयार असत. फ्रीमाँटला ते एकदा पुतण्याकडे काही दिवस राहून आले होते, तेवढ्यावर त्यांनी सगळा कॅलिफोर्निया निकालात काढला होता. “तिथं घरं आहेत न बापा, लय घरं आहेत. पण माणसं फ्रीवेवर राहतात. घरी फक्त झोपायला येतात, वेटिंग रूममध्ये आल्यासारखी.” न्यू जर्सीत आपली माणसं फार, त्यामुळे भांडणं फार. टेक्सासात ऊन नागपूरचंच, मग तिकिटाचे पैसे कशाला खर्च करायचे? शिकागोत त्यांचं विमान बर्फामुळे अडकलं होतं. ज्या गावाला स्वतःचं वेळापत्रक पाळता येत नाही त्या गावाविषयी स्टेशन मास्तर काय बोलणार!

पण मत हे झालं तोंडी काम. खरी परीक्षा जागेवर जाऊन व्हायची, आणि तिचं सामान एका कापडी पिशवीत असे: एक स्टीलचं पातेलं, सांडशी आणि दुधाचा लहान डबा. नव्या घरात शिरताना आपल्याकडे दूध उतू घालतात, हे तुमच्या आईने तुम्हाला सांगितलं असेलच. मास्तरांच्या बाई हे प्रत्येक बदलीला करायच्या. शेगडीवर दूध उतू जायचं, करपल्याचा वास भिंतीपलीकडे जायचा आणि पलीकडची, रुळांचे सांधे बदलणाऱ्या पॉइंट्समनची बायको धावत यायची, “अव बाई, दूध गेलं न तुमचं!” त्या धावत येण्यातूनच बाईंना त्या गावातली पहिली मैत्रीण मिळायची. इथे मास्तरांना आढळलं की अमेरिकेत हे काम घरच करतं. विजेच्या चुलीवर दूध सांडलं की धूर होतो आणि छताला लावलेला अलार्म असा किंचाळतो की मेलेला उठून बसावा. मास्तरांचा सिद्धांत साधा होता. दूध उतू घालायचं, दार उघडं ठेवायचं, बाहेर उभं राहायचं. कोणी विचारपूस करायला आलं तर जागा पास. नाही आलं तर शाळेला दहापैकी दहा गुण असोत, जागा नापास.

आमची ओळखही अशीच झाली. ते खाली राहायला आले त्या दुपारी मी थोरल्याला झोपवत होते आणि जमिनीखालून तो आवाज सुरू झाला. मी मोरीवरचा टॉवेल भिजवला, बाळाला खांद्यावर टाकलं, घराला कुलूप घातलं आणि खाली गेले. दारात हा गृहस्थ हाताची घडी घालून शांत उभा, आत धुराचा लोट. मी चूल बंद केली, पातेलं सिंकमध्ये ठेवलं, ओला टॉवेल चुलीवर टाकला आणि पदराने अलार्मला वारा घातला. सगळं झाल्यावर ते म्हणाले, “या. उशीर केला, पण आलात.” मी आयुष्यभर मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवलेली बाई, उशिराबद्दल कोणी बोललेलं मला खपत नसे. “आधी दूध बंद करायला शिका, मग वेळ बघा,” असं मी त्यांना सुनावलं. त्यावर ते इतके खूश झाले की संध्याकाळी सुनेच्या हातून वाटीभर सांबारवडी पाठवली. सांबार म्हणजे त्यांच्याकडे कोथिंबीर, हेही मला तेव्हाच कळलं.

तर अशी परीक्षा ते लोकांच्या भावी घरांत घ्यायचे. रिकामं अपार्टमेंट दाखवायला आलेल्या, वसाहतीच्या ऑफिसातल्या मुलीला रेल्वेच्या इंग्रजीत विचारायचे, “मॅडम, वुइथ युअर काइंड परमिशन, आय शॅल टेस्ट द स्टोव्ह.” ती बिचारी हसून हो म्हणायची. पुण्याच्या एका जोडप्याबरोबर मी गेले होते, तेव्हाचं तर मी कधी विसरणार नाही. दूध उतू गेलं, अलार्म किंचाळला, ऑफिसातली मुलगी कानांवर हात ठेवून ओरडायला लागली, पुण्याचा मुलगा “काका, यार, बंद करा ना, डिपॉझिट जाईल!” म्हणून नाचायला लागला, आणि मास्तर जिन्यात उभे राहून एकेका दाराकडे बघत होते, सिग्नलकडे बघावं तसे. समोरचं दार धाडकन उघडलं. एक दांडगा मनुष्य, अर्ध्या चड्डीत, हातात आग विझवायचं लाल नळकांडं घेऊन बाहेर आला आणि काही विचारायच्या आत त्याने दुधावर, चुलीवर आणि मध्ये आलेल्या मास्तरांवर फवारा मारला. ओटा पांढरा, भिंत पांढरी, मास्तर आधीच पांढरे ते आणखी पांढरे. मास्तरांनी मिशीवरचा फेस बोटाने निपटला, त्या मनुष्याचा हात दोन्ही हातांत धरला आणि मागे वळून गर्जना केली, “घ्या! डोळे मिटून घ्या! अशी जागा नशिबाने भेटते!” पुण्याच्या मुलाने जागा घेतली, कारण ऑफिसवाल्या मुलीला तोंड दाखवायला दुसरा मार्ग उरला नव्हता. पुढे त्याच्या बायकोला अवेळी कळा सुरू झाल्या तेव्हा तो दांडगा मनुष्यच तिला गाडीत घालून हॉस्पिटलात घेऊन गेला. मास्तरांनी हे आम्हाला इतक्यांदा ऐकवलं की आम्ही शेवटी ऐकताना मान हलवायचंही सोडलं.

हळूहळू आसपासच्या ऑफिसांत त्यांची कीर्ती पसरली. कापडी पिशवी दिसली की तिथल्या मुली लांबूनच सांगायच्या, “सर, नो मिल्क टुडे, प्लीज.” मास्तरांना त्याचं वाईट वाटलं, पण त्यांनी दाखवलं नाही. मग आम्ही दोघं दुपारी टपालाच्या पेट्यांजवळच्या बाकावर बसायला लागलो. तिथली दुपार तुम्हाला माहीत नाही, तुम्ही त्या वेळी डे-केअरला असायचात. सगळ्या गाड्या गेलेल्या, पार्किंगच्या रिकाम्या पट्ट्या, पाइनच्या झाडांतून थोडा वारा. माणूस म्हणून दिसायचा तो पोस्टमन. तो आला की मास्तर उठून उभे राहत आणि हात आडवा करून त्याच्या गाडीला लाइन क्लिअर, म्हणजे पुढचा मार्ग मोकळा असल्याची खूण, देत. तोही हॉर्न वाजवायचा. मग तो जायचा, आणि शाळेची बस येऊन शेजारची मुलं उतरेपर्यंत आम्ही दोघं. तुम्ही संध्याकाळी गाडीतून उतरताना ओरडायचात, “आजी, मिल्क आजोबा इज स्टिल हिअर!” स्टिल हिअर. त्यांना ते फार आवडायचं.

आणि मग एका शनिवारी त्यांच्या मुलाने सांगितलं की त्याला दुसऱ्या राज्यात, अ‍ॅशबर्नला, चांगली नोकरी मिळाली आहे आणि आता भाड्याने नाही राहायचं, घर घ्यायचं. मुलगा मोठा गुणी. वडिलांची इच्छा त्याला ठाऊक होती. माझ्यासमोर म्हणाला, “बाबा, पातेलं घेऊन चला. तुम्ही पास केलंत तरच घेऊ, नाहीतर कॅन्सल.” मास्तरांनी त्या रात्री इस्त्रीचा शर्ट काढून ठेवला. निघताना गाडीच्या काचेतून मला पिशवी उंच करून दाखवली, हिरवा झेंडा दाखवावा तशी.

सोमवारी दुपारी ते बाकावर आले. घर पास झालं होतं. एकटं, प्रशस्त घर, पुढे-मागे हिरवळ, नवीन वसाहत, रस्ता अगदी आरशासारखा. “परीक्षा घेतली?” मी विचारलं. “घेतली न. घरवाल्यांनी चूल वापरू दिली. अलार्मही चांगला वाजला. मुलगा आणि सूनबाई वर होते, वरून ओरडले, ‘बाबा, कोणी आलं का?’ मी म्हटलं, आली होती, दोन घरं सोडून राहते ती बाई. विचारून गेली.”

“मग छानच झालं,” मी म्हटलं.

मास्तर पोस्टमनच्या वाटेकडे बघत होते. “कोणी नाही आलं, वहिनी. ऐकूच गेलं नसेल. घरं दूर दूर आहेत, खिडक्या सगळ्या बंद. मी रस्त्यापर्यंत जाऊन उभा राहिलो. एक कुत्रं भुंकलं फक्त.”

“अहो, मग पास का केलंत? हे एकच घर तर तुम्हाला निवडायचं होतं!”

“काहून म्हणजे? सूनबाईनं वरच्या लहान खोलीचे पडदे ठरवून टाकले होते. पिवळे. तिला दिवस गेले आहेत, अजून कोणाला सांगितलं नाही तिनं, तुम्हीही सांगू नका.” मग मिशीला हात लावून हसले. “आजपर्यंतच्या बदल्या साहेबाच्या सहीने झाल्या. ही मी माझ्या सहीने केली. निवडलं न मी घर? निवडलंच.”

ते गेल्यावर खाली एक हैदराबादचं कुटुंब आलं, चांगली माणसं होती. पण ती दुधाच्या बाबतीत फार दक्ष होती, आणि दुपारी बाकावर मी एकटीच बसू लागले. पुढे मीही पुण्याला परत आले. अ‍ॅशबर्नहून मास्तरांचा फोन येत राहिला. नात झाल्याचं कळलं, पिवळे पडदे लागल्याचं कळलं. “घर कसं आहे?” विचारलं की म्हणायचे, “एक नंबर! फक्त गाड्या थांबत नाहीत इथं.”

गेल्या महिन्यात त्यांचा असाच फोन आला. त्यांच्याकडे सकाळ होती, सगळे बाहेर गेलेले. इथे मी संध्याकाळचा स्वयंपाक करत होते. तुमचे बाबा आता फ्रीमाँटला घर बघताहेत असं मी त्यांना सांगत होते, आणि फ्रीवेबद्दल काहीतरी ऐकायला मिळेल म्हणून थांबले, तर पलीकडून तो ओळखीचा किंचाळता आवाज आला.

“दूध गेलं वाटतं,” मास्तर म्हणाले. “विसरलो.” हा माणूस आयुष्यात एकही गाडी विसरला नव्हता. “एक मिनिट हं, वहिनी. दारात जाऊन येतो.”

रिसीव्हर ठेवल्याचा आवाज झाला. दार उघडल्याचा झाला. अलार्म वाजत राहिला, पुष्कळ वेळ वाजत राहिला, मग आपोआप थांबला. त्यानंतर काहीच ऐकू येईना. मी कान लावून उभी होते.

“बोला,” मास्तर परत येऊन म्हणाले, “फ्रीमाँटचं काय म्हणत होतात?”

कोणी आलं होतं का, हे मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. आम्ही फ्रीमाँटबद्दल बोललो, तुमच्या शाळेबद्दल बोललो, त्यांच्या नातीला दात आल्याचं बोललो. फोन ठेवला तेव्हा माझ्या पायाशी पाणी साठलं होतं. दुसऱ्या हातात भिजवलेला टॉवेल होता, तो मी केव्हा उचलला, कोण जाणे.