आमच्या घरी मुतखडाच असते

फवारणी पंपाचं नोझल तुंबलं की माझा दुकानशेजारी ते थेट तोंडात धरून फुंकायचा, थुंकायचा आणि हसायचा. मी ओरडलो की म्हणायचा, "काही होत नाही जी!" लाखनीत त्याचं पंपदुरुस्तीचं आणि माझं झेरॉक्सचं दुकान, मध्ये एकच भिंत. धानावर औषध मारायचे दिवस आले की त्या वासानं माझं डोकं उठायचं. हा मात्र त्याच बाकावर डबा उघडून बसायचा.

साठीनंतर तो हातातलं काम टाकून सारखा लघवीला मागच्या नालीकडे पळू लागला. दवाखान्यात जा म्हटलं तर म्हणे, "कायले? आमच्या घरी मुतखडाच असते. बाबा त्यातच गेले, दादाही गेला." आणि कुळथाचा काढा प्यायचा. आपल्याकडे पुरुषाच्या कमरेखालचं सगळं दुखणं मुतखड्याच्याच खात्यात जमा होतं, तुम्हीही पाहिलं असेल!

नागपूरच्या डॉक्टरांनी विचारलं, "घरात कोणाला कॅन्सर?"

"नाही जी. मुतखडा."

निघाला प्रोस्टेटचा कॅन्सर, हाडांत पोचलेला. मग त्याची वहिनी रडत बोलली, "तुमच्या बाबालेही अन् दादालेही हाच होता, भाऊजी. डॉक्टरनं भावाले तपासाले सांगतलं होतं. आमी मुतखडाच सांगतला."

माझं टाळकं सटकलं. फवारणीच्या औषधाचंही मी डॉक्टरांना विचारलं. "त्याचं खात्रीनं सांगता येत नाही," ते म्हणाले. "पण बापाला होता, भावाला होता, हे यांना कळायलाच हवं होतं. आधीच रक्त तपासलं असतं."

तो वहिनीवर रागावला नाही. अंथरुणावरून मुलाला मात्र त्यानं दम भरला, "माह्या तेरवीले मुतखडा म्हनशीन त पंगतीत येऊन बसीन!" आम्ही हसलो. मग मुलाचा हात धरून हळूच म्हणाला, "बापू, तू रक्त तपासून घे. माह्यासारखा बसू नोको."

तेरवीला कोणीतरी विचारलं, "काय झालं होतं बाबाले?"

"मुतखडा," मुलगा म्हणाला.

मी पत्रावळ सोडून उठलो. "काहून खोटं बोलून राहिला? तू रक्त तपासलं का?"

त्यानं मला बाजूला ओढलं. "काका, हळू बोला. माह्या पोरीले पाहाले पाव्हणे येऊन राहिले. खानदानात कॅन्सर हाये म्हटलं त कोन करन सोयरीक?"

सोयरीक जुळली, लग्न थाटात झालं. मुलानं रक्त अजून तपासलेलं नाही. दम द्यायला बाप राहिला नाही, आणि माझं कोण ऐकतो!