वरुणदेवाचा न्हावी

बारामतीच्या एसटी स्टँडवर मला वडिलांच्या मरणाची बातमी पहिल्यांदा मिळाली, तेव्हा ते जिवंत होते.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. नौदलात लागून मला काही वर्षं झाली होती. विशाखापट्टणमहून निघून दौंडला उतरलो, तिथून बारामतीला आलो आणि लोणी भापकरची गाडी लागायची वाट बघत होतो. तोंड धुवायला म्हणून टोपी काढली आणि नळावर वाकलो. मान वर केली तर समोर आमच्या वस्तीवरचे तात्या. एकेकाळी वडिलांबरोबर मेंढरं राखलेले. माझ्या डोक्याकडे बघत त्यांनी स्वतःचं मुंडासं उतरवलं, काखेत धरलं आणि माझ्या दंडाला धरून मला बाकावर बसवलं.

"लई वाईट झालं, बाबा."

मी दोन दिवस प्रवासात होतो. "कधी?" एवढंच विचारता आलं.

"आँ?"

"कधी गेलं आबा?"

"मला काय ठावं? मी सकाळपास्नं बाजारात हाय. तुला कुणी कळवलं?"

"तुमीच सांगताय की आत्ता."

"मी कुठं सांगतुय? तुझ्या डोस्क्यावरनं कळतंय की!"

मग आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. आमच्याकडे बाप जिवंत असताना मुलगा डोकं आणि मिशी काढत नाही. माझं दोन्ही काढलेलं होतं. तात्यांनी मुंडासं पुन्हा डोक्यावर चढवलं, तेव्हा त्यांचा सूर पार बदलला होता.

"बाप जिता हाय अन् तू ह्या अवतारात गावात शिरनार व्हय रं? मेंढरू बी कातरताना चार लाथा झाडतंय. तुला तेवढं बी जमलं न्हाय?"

स्टँडवरची माणसं बघायला लागली होती. मी म्हणालो, "बालाजीला दिलं केस, तात्या. आबांसाठी. ऑपरेशन हाय न्हवं त्यांचं."

आधीपासून काही ठरवलं नव्हतं. ते वाक्य तोंडातून आपोआप निघालं. तात्यांनी माझ्या टकलावरून हात फिरवला आणि तो हात स्वतःच्या कपाळाला लावला. मग बाजारातून परतणारा एक टेंपो गाठून ते माझ्याआधी वस्तीवर पोचले.

केस बालाजीला दिलेले नव्हते. ते जहाजावर गेले होते.

जहाज विषुववृत्त ओलांडतं तेव्हा पहिल्यांदा ओलांडणाऱ्या खलाशांना वरुणदेवाच्या दरबारात उभं करतात. जुनी रीत आहे, बहुतेक नौदलांत आहे. आमचा वरुणदेव म्हणजे इंजिनाकडचा एक ढेरपोट्या हवालदारी स्वभावाचा माणूस. दोर पिंजून केलेला दाढीचा झुबका, पत्र्याचा मुकुट, हातात काठीचा त्रिशूळ. त्याची राणी मिसरूड फुटलेली. नवख्यावर एकेक आरोप ठेवायचे. माझ्यावर होता, 'हा दुष्काळी भागातला असून आंघोळीला पाणी जास्त नासतो.' मग मिरची आणि कारल्याचा गोळा खायचा, तोंडाला पिठाचा आणि साबणाचा फेस फासून घ्यायचा, न्हाव्यापुढं बसायचं आणि शेवटी ताडपत्रीच्या हौदातल्या खाऱ्या पाण्यात उलटं पडायचं. त्यातून बाहेर आला तो खरा खलाशी.

दरबारातला न्हावी मात्र सोंगाचा नव्हता, जहाजावरचाच होता. उत्तरेकडचा, वयाने मोठा. त्याच्याकडे एक भला मोठा लाकडी वस्तरा होता आणि केस कापायचं एक खरं मशीन. प्रत्येकाच्या कानाशी वाकून तो हळूच विचारायचा, "पिताजी हैं?" हो म्हणणाऱ्याच्या डोक्यावरून लाकडी वस्तरा नुसता फिरायचा आणि सुटका. मशीन उरलेल्यांसाठी, तेही त्यांची तयारी असेल तर.

मलाही त्याने विचारलं. मी मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "हैं तो क्या हुआ? चला मशीन!"

डेकवर टाळ्या पडल्या. तो क्षणभर थांबला. "सोच ले," म्हणाला. मी त्याचं मनगट धरून मशीन माझ्या टाळूवर टेकवलं. डोक्यामागोमाग मिशीही गेली. त्या जहाजावर मी मेंढरं राखणाऱ्याचा मुलगा होतो, आणि तो नसल्यासारखं दिसायची मला फार घाई झाली होती.

वस्तीवर पोचलो तेव्हा आबा दारातच उभे होते. एका हाताने पोटाचा खालचा भाग दाबून धरलेला. त्यांना हर्निया होता. आतडं उतरायचं, ते आडवे पडून हाताने आत ढकलायचे आणि पुन्हा कामाला लागायचे. इंदापूरच्या डॉक्टरांनी बजावलं होतं की साधं ऑपरेशन आहे, पण टाळलंत आणि आतडं अडकलं तर जिवावर बेतेल. थोरली बहीण इंदापूरला दिलेली, ऑपरेशननंतर तिच्याकडेच राहायचं ठरलेलं. माझी रजा त्यासाठीच होती.

आबांनी माझं डोकं दोन्ही हातांत धरलं. कातरलेल्या मेंढराच्या अंगावरून बघावं तसं बोटांनी चाचपलं. मग हसले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"बघ गं," आईला म्हणाले, "म्या म्हनत हुतो, नोकरीनं पोरगं बिघडंल. बालाजीला जाऊन आलंय."

दोन दिवस शेजारपाजारचे येत राहिले. कुणी प्रसाद मागितला, मी म्हणालो गाडीत सांडला. एका म्हातारीने माझ्या पाया पडायचा प्रयत्न केला, मी पाय मागे घेतले. तिसऱ्या दिवशी दवाखान्याचा विषय काढला, तेव्हा आबा म्हणाले, "आता कशाला? दोन दिस झालं, दुखलं का? देवाकडं एकदा टाकलं की परत माणसाकडं न्हेऊ नये. देव रागावतुय."

आई त्यांना बोलली, मी बोललो. ते हटेनात. मुळात त्यांना सुरीची भीती होती, हे मला माहीत होतं. आता त्या भीतीला मी देव मिळवून दिला होता.

शेवटी बहिणीला भेटायचं निमित्त करून मी त्यांना इंदापूरला नेलं. तिचं घर गावापासून लांब, उजनी धरणाच्या फुगवट्याकडे. जेवणं झाल्यावर आम्ही दोघं पाण्याकडे चालत गेलो. आबा काठावर बसले.

"तुझा समुद्र येवढा आसंल?"

"लई मोठा."

"म्या बघितलाय. कोकणात मेंढरं न्हेली हुती तवा. मेंढरांनी तोंड लावलं अन् माघारी फिरली. येवढं पानी, अन् प्यायला थेंब न्हाय. म्हनलं, हितं कोन ऱ्हात आसंल? तर माझंच पोरगं गेलं."

मी सांगून टाकलं. दरबार, पिठाचा फेस, मशीन, टाळ्या, सगळं. बालाजीला गेलो नाही, तुमच्यासाठी काहीही केलं नाही, तात्यांच्या पुढं तोंडातून निघून गेलं, तेव्हा उद्या सकाळी दवाखान्यात चला. सांगताना मी त्यांच्याकडे बघत नव्हतो.

आबांनी हात पाण्यात बुडवून तोंडावरून फिरवला. मग म्हणाले, "देव कोन म्हनलास?"

"वरुणदेव. पन तो खरा न्हवं, आबा. आमच्यातलाच एक. पत्र्याचा मुकुट घातलेला."

"खंडोबाच्या वाघ्याच्या अंगात देव येतू, तवा वाघ्या कोन आसतू? तो बी वस्तीवरचाच." ते पाण्याकडे बघत होते. "पान्याचाच देव. त्यानं केस घितलं. मग झालं की."

"त्यानं विचारलं हुतं, बाप हाय का म्हनून. म्या ऐकलं न्हाय."

हे ऐकून ते माझ्याकडे वळले. रागावतील असं वाटलं. त्यांनी रागवावं असंच मला वाटत होतं. पण ते फक्त म्हणाले, "दिवाळीनंतर बघू. उठव मला."

मी त्यांना हात देऊन उठवलं. मी तिथंच अडून बसायला हवं होतं. बहिणीला, मेव्हण्याला खरं सांगून, तिघांनी धरून त्यांना न्यायला हवं होतं. पण तसं केलं असतं तर स्टँडवरचं माझं खोटं इंदापूरपासून लोणीपर्यंत पसरलं असतं. 'दिवाळीनंतर' हा शब्द ऐकून मला बरं वाटलं. त्या बरं वाटण्याला मी पुढे बरीच नावं दिली, रजा संपत होती, त्यांच्या मनाविरुद्ध कसं न्यायचं, वगैरे. ते काही खरं नाही.

रजा संपली आणि मी परत गेलो. केस बोटभर वाढले तेव्हा आम्ही समुद्रात होतो, दिवाळी अजून यायची होती. एका दुपारी अधिकाऱ्याने मला बोलावून बसायला सांगितलं. जहाजावर कुणी बसायला सांगत नाही, तेव्हाच मी समजलो. संदेश थोडक्यात होता. वडील वारले, चुलतभावाने अग्नी दिला. बंदराला लागायला अजून वेळ होता.

मी न्हाव्याकडे गेलो. त्याला बातमी कळली होती. त्याने मागच्या डेकवर एक बादली उलटी घालून मला बसवलं आणि समुद्राचं पाणी ओढून माझ्या डोक्यावर ओतलं. या वेळी मशीन नव्हतं, वस्तरा होता. तेव्हा पत्र्याचा मुकुट घातलेला तो इंजिनाकडचा माणूस टोपी काढून बाजूला उभा राहिला. न्हाव्याचा हात माझ्या टाळूपाशी आला तेव्हा थोडा थांबला. तो थांबला ती जागा मला माहीत होती.

घरी निघालो. दौंड, मग बारामती. त्याच स्टँडवर, त्याच नळापाशी तात्या मला न्यायला आले होते. मी टोपी काढली. या वेळी त्यांनी माझी बॅग तेवढी घेतली. गाडीत बसल्यावर कंडक्टरनेही डोक्याकडे बघून नजर खाली केली.

"आतडं अडाकलं," तात्या वाटेत म्हणाले. "जीप आनली हुती म्या. तुझं आबा म्हनले, थांबा, बसतंय आत. पोराचा नवस हाय." मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, "तू तुझं केलंस, बाबा. देवानंच न्हाय ऐकलं."

घरी आई भिंतीला टेकून बसली होती. माणसं पांगल्यावर तिने मला जवळ बोलावलं.

"ह्ये केस कुणी काढलं?"

"जहाजावरच्या न्हाव्यानं."

"मागं काढलं त्यानंच?"

मी तिच्याकडे बघितलं.

"मला सांगितलं हुतं त्यांनी," ती म्हणाली. "इंदापुरावनं आलं त्याच राती. म्या म्हनलं, मग आता तरी चला दवाखान्यात. तर म्हनले, आता गेलो तर गाव ईचारंल, नवसाचं काय झालं? पोराची मान खाली जाईल. दिवाळी हुंदी, लोकं इसरतील, मग जाऊ. कुनाला बोलू नको म्हनले." तिने पदर सावरला. "म्या न्हाय बोलले कुनाला."

आबा सुरीला भ्याले म्हणून दवाखान्यात गेले नाहीत, की माझ्यासाठी, हे मी आईला कधी विचारलं नाही. तिला तरी किती माहीत असणार. आता तीही नाही. आमच्या वस्तीवर बापाच्या आजारपणात बालाजीला केस देऊन आलेला मुलगा म्हणून अजून माझंच उदाहरण देतात. माझं बघून दोघंतिघं जाऊनही आले. एकाचा बाप बरा झाला. त्याने मला पेढे आणून दिले, आणि मी ते घेतले.