पाच मीटरांचा समुद्र

त्या रविवारी सकाळी तरसालीतल्या संयोगिता शिर्केच्या घरी पाच जण हसतखेळत आले आणि त्यांतले चार जण तोंड पाडून गेले.

संयोगिता वीस वर्षं बडोद्यातल्या एका क्लबच्या तलावावर पोहायला शिकवते आणि गेली नऊ वर्षं त्याच तलावात स्कूबाही. बडोद्याला समुद्र नाही. त्यामुळे तलावात पक्की तयारी करून घ्यायची आणि दिवाळीनंतर समुद्राचा गढूळपणा उतरला की पाच-सहा जणांना घेऊन मालवण गाठायचं, हा तिचा रिवाज. यंदाच्या पाचांत समा भागातलं जोडपं सोहम आणि सानवी होतं, रमाकांत नावाचे दातांचे डॉक्टर होते, कंप्युटरच्या कंपनीतला कुशल होता आणि सुभानपुऱ्याच्या सरोजिनीबाई गुप्ते होत्या. बाईंचं वय त्रेसष्ट. तीस वर्षं त्यांनी मराठी शाळेत भूगोल शिकवला होता, आणि सातवीत असताना संयोगिता त्यांच्याच वर्गात तिसऱ्या बाकावर बसायची. समुद्रतळाची आकृती आपण फळ्यावर शेकडो वेळा काढली, पण तो तळ एकदाही पाहिला नाही, एवढंच कारण सांगून त्या मे महिन्यात तलावावर दाखल झाल्या होत्या. डॉक्टरांचं सर्टिफिकेट घेऊन.

भांडण झालं ते जागेवरून. कुशलने मोबाइलवर थोरल्या खडकाचे फोटो आणले होते. किनाऱ्यापासून तासभर आत, अठरा मीटर खोल, खडकाभोवती चांदीसारखे माशांचे थवे. सगळ्यांचा जीव त्यावर जडला होता. संयोगिताने मात्र धाकटं पाणी नक्की केलं होतं. टेकडीच्या आडोशाला असलेली ही उथळ जागा. खाली वाळू, मधेमधे लहानसे खडक, आणि जास्तीत जास्त खोली पाच मीटर.

"दीदी, आपला तलावच चार मीटरचा आहे," कुशल म्हणाला. "एका मीटरसाठी कोण एवढं लांब जाईल?"

बाकीचे हसले. संयोगिताही हसली, पण जागा बदलली नाही. पहिल्यांदा उतरणाऱ्यांना हीच जागा बरी, एवढं बोलून तिने बडोद्याचा ओलसर लीलो चेवडा पुढे केला. तिचे वडील जयवंतराव कोपऱ्यात पेपर वाचत बसले होते. मंडळी गेल्यावर त्यांनी विचारलं की मागच्या वर्षीच्या लोकांना तर तू दहा मीटरवर नेलं होतंस, मग यांनाच का नाही? ते स्वतः मकरपुऱ्याच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. पैसे देऊन पाण्याखाली जाण्यात काय सुख आहे ते त्यांना कळत नसे, पण लेकीच्या तोंडचं प्रत्येक वाक्य ते लक्षात ठेवत.

कारण तिने त्यांनाही सांगितलं नाही. ते तिच्या वहीत होतं. वहीत प्रत्येक शिकाऊ माणसाचं एक पान असे, आणि जागा ठरवताना ती नकाशाआधी ही पानं उघडायची. सरोजिनीबाईंच्या पानावर लिहिलं होतं की त्यांचे कान सावकाश मोकळे होतात. दर अर्ध्या मीटरला थांबावं लागतं. नाक दाबून फुंकर मारायची, थांबायचं, पुन्हा थोडं उतरायचं. उघड्या समुद्रात दोरीला धरून सरळ खाली जायचं म्हटलं तर त्यांचं अवघड होतं. धाकट्या पाण्यात वाळूचा उतार होता. कमरेएवढ्या पाण्यापासून पायरी पायरीने खोल जाता येई. आणि हे चारचौघांत बोलावं तर बाईंनी त्याच क्षणी नाव मागे घेतलं असतं.

कानांचं मोल संयोगिताला कुणी शिकवायला नको होतं. चोविसाव्या वर्षी ती पहिल्यांदा समुद्रात उतरली, तेव्हा तिला नेणाऱ्या माणसाने कुणाची विचारपूस न करता सगळ्यांना एकदम खोलात सोडलं होतं. पाण्याला ओढ होती, खालचं काही दिसत नव्हतं, आणि कानात सुई घुसावी तशी कळ येत असताना मागे फिरायची खूण कशी करायची तेही तिला आठवेना. दोन महिने डाव्या कानाने तिला नीट ऐकू येत नव्हतं. पुढे सहा वर्षं ती समुद्राकडे फिरकली नाही. परतली ती हे ठरवून, की आपण नेऊ त्या माणसाला वर आल्यावर पुन्हा उतरावंसं वाटलं पाहिजे.

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मंडळी रेल्वेने कुडाळला उतरून मालवणला पोहोचली. संयोगिता दोन दिवस आधीच गेली होती. आपण स्वतः उतरून पाहिल्याशिवाय ती कुणाला कुठे उतरवत नसे. होडीवाला श्रीपत तांडेल आणि तिथला स्कूबा शिकवणारा वरद, दोघंही तिच्या जुन्या ओळखीचे. दोन्ही दिवस पाणी छान होतं. भरती-ओहोटीच्या मधल्या वेळी ओढ जवळजवळ नव्हती, आणि हात लांब केला तर बोटांच्या पलीकडे दहा मीटरपर्यंत स्वच्छ दिसत होतं.

पण ज्या सकाळी उतरायचं, त्याच सकाळी दक्षिणेचा वारा सुटला. श्रीपतने होडीतून वाकून पाण्याकडे पाहिलं आणि मान हलवली.

"आज पाणी गढूळ आसा," तो म्हणाला. "उद्या वारो पडलो तर बघूया."

संयोगिता तरीही एकटी उतरली. खाली गेल्यावर तिला स्वतःच्या पायांतले फिन जेमतेम दिसत होते. वर येऊन तिने सांगितलं की आज कुणीही उतरणार नाही. रमाकांत डॉक्टरांनी परतीच्या तिकिटाची आठवण करून दिली. सानवीच्या डोळ्यांत पाणी आलं. कुशलने समोरच बाजूच्या होडीकडे बोट दाखवलं. तिथे पर्यटक एकामागून एक पाण्यात जात होते. ते जात होते हे खरंच होतं, आणि त्याला उत्तर देणं सोपं नव्हतं. ते लोक एकेकाला हाताला धरून नेतात, तुम्ही स्वतः पोहणार आहात, असं तिने समजावलं. कुणाला पटल्यासारखं दिसलं नाही.

होडी किनाऱ्याला लागल्यावर सरोजिनीबाई मात्र शांतपणे बूट घालू लागल्या. मग त्यांनी सगळ्यांना किनाऱ्यावरून टेकडीच्या टोकापर्यंत चालत नेलं. वारा कुठून येतो, गाळ का ढवळतो, टेकडीच्या या अंगाला लाटा लहान का, हे वाळूत काडीने आकृती काढून शिकवलं. तास कसा गेला कळलं नाही. दुपारी मासे-भात खाताना सोहमच म्हणाला की बरं झालं, नाहीतर हे कधी कळलं असतं?

दुसऱ्या दिवशी वारा पडला. सकाळी आठला पाणी हिरव्या काचेसारखं होतं. वरदने सोहम, सानवी आणि डॉक्टरांना घेतलं. संयोगिताने कुशल आणि बाईंना.

उतारावरून ती तिघं इतकी सावकाश उतरली की कुशलने दोनदा हाताने विचारलं, काय झालं? संयोगिताने दोन्ही वेळा त्याला थांबायची खूण केली. बाई नाक दाबायच्या, डोळे मिटायच्या, मग अंगठा आणि बोट जुळवून सगळं ठीक असल्याचं सांगायच्या. पाच मीटरवर पोहोचायला नऊ मिनिटं लागली. तिथे वाळूवर लाटांनी काढलेल्या बारीक रेघा होत्या, ओळीने आखल्यासारख्या. बाई त्यांच्यावर तरंगत राहिल्या आणि बोटाने, न टेकवता, एक रेघ शेवटपर्यंत गिरवत गेल्या. खडकाच्या आडून पिवळ्या पट्ट्यांचे मासे आले आणि बाईंच्या डोळ्यांवरच्या काचेपुढे थबकले.

कुशलला सगळंच हवं होतं. तो या खडकावरून त्या खडकावर जात होता, हातवारे करत होता, आणि त्याच्या तोंडातून बुडबुड्यांचा फवारा सुटला होता. बाविसाव्या मिनिटाला संयोगिताने त्याच्या सिलिंडरचा काटा पाहिला. हवा संपत आली होती. त्याने तो आकडा पाहिला, मग पुन्हा पाहिला, आणि एकदम शांत झाला. तिने दोघांना वर घेतलं. बाईंच्या सिलिंडरमध्ये अर्ध्याहून जास्त हवा उरली होती.

होडीत बसल्यावर कुशलने पुन्हा एकदा काट्याकडे पाहिलं. मग त्याने विचारलं की थोरल्या खडकावर हीच हवा किती पुरली असती. जेमतेम बारा मिनिटं, संयोगिता म्हणाली. खोलीवर प्रत्येक श्वासाला जास्त हवा लागते. त्याने मनातल्या मनात हिशोब केला आणि बाईंकडे वळला. तुमची एवढी कशी उरली, हे त्याला जाणून घ्यायचं होतं.

"तीस वर्षं शाळेत शेवटचा तास घेतलाय," बाई म्हणाल्या. "दम पुरवून वापरायची सवय आहे."

होडीत हशा पिकला, श्रीपतसुद्धा हसला.

किनाऱ्यावर केस पुसताना बाईंनी संयोगिताला बाजूला घेतलं. "माझ्या कानांसाठी सगळ्यांना उथळात आणलंस ना? मला तुझ्या घरीच कळलं होतं."

"कानांसाठी," संयोगिता म्हणाली, "आणि कुशलच्या दमासाठी. तलावातही तो असाच फुंकतो, बाई. फक्त त्याला ते सांगून पटलं नसतं."

"मग ते वेळेवर बोलली का नाहीस? सातवीतही अशीच होतीस. उत्तर बरोबर, पण हात वर नाही."

संयोगिता लाजली. तिचं वय चव्वेचाळीस, पण त्या क्षणी ती पुरती सातवीतली झाली होती. दुपारी दुसऱ्या फेरीला जाताना तिने पाचही जणांना कोण कसा श्वास घेतो, कुणाला कुठे थांबावं लागतं आणि जागा त्यावरून कशी ठरते, हे मोकळेपणाने सांगितलं. कुणाला राग आला नाही. डॉक्टरांनी तर आपल्या पानावर काय लिहिलंय ते वाचून दाखवायला लावलं. तिथे लिहिलं होतं की सूचना चालू असताना हे गृहस्थ बोलत असतात.

त्या फेरीत कुशल पस्तीस मिनिटं खाली राहिला.

जानेवारीपासून तो पुढचा कोर्स करतोय. सरोजिनीबाई दर मंगळवारी रिक्षाने सुभानपुऱ्याहून तलावावर येतात. नव्याने आलेलं कुणी घाबरून शिडी धरून उभं राहिलं की त्या पाण्यात शेजारी जाऊन उभ्या राहतात आणि नाक दाबून फुंकर कशी मारायची ते दाखवतात. गुजराती मुलींना त्या गुजरातीत शिकवतात, जराशा मराठी वळणाने, आणि मुली त्यांना बाई म्हणतात.