मालनताईचं बुटकं स्टूल

त्या दिवशी सकाळी नितीनचा फोन आला. "मावशी, आई गेली." तू जवळ होतास ना, असं मी विचारलं. "दवाखान्यातच, पण बाहेर बाकावर होतो..." तो म्हणाला. दीड महिना उलटला, पण त्या बाकाचा राग माझ्या डोक्यातून जात नाही.

मालनताई, नितीनची आई आणि माझी जुनी मैत्रीण, सातपूरला एका डॉक्टरीणबाईंच्या छोट्या प्रसूतिगृहात सिस्टर होती. साधी बाळंतपणं तिच्यावर सोपवलेली असत, आणि काही अवघड दिसलं की ती लगेच बाईंना हाक मारी. तिचा हट्ट एकच, कळा देणाऱ्या बाईजवळ घरचं माणूस हवं, आणि शक्यतो नवराच. त्यासाठी तिथे एक बुटकं लाकडी स्टूल होतं. कळा देणारी चटईवर बसायची, नवरा मागे स्टुलावर, तिची पाठ त्याच्या गुडघ्यांना टेकलेली. आसपासच्या कंपन्यांतले दांडगे गडी तिथे ओशाळून बसायचे आणि मालनताई सांगेल तशी बायकोची कंबर चोळायचे. सासवा नाकं मुरडत. मग ती त्यांनाही आत बोलावून कामाला लावायची.

माझं माहेर निफाडचं. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत तिनेच मोडायला लावली. "बाप इथं आणि बाळ तिथं, असं कसं गं शैला?" ही नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. ऐन वेळी आमचे हे सेकंड शिफ्टचं निमित्त काढून सटकायला बघत होते. मालनताई म्हणाली, "भाऊजी, मशीनवर दुसरा माणूस मिळेल. हिला दुसरा नवरा कुठून आणू?" हे मुकाट्याने बसले. पुढे बाळाला अंघोळ घालायला तिने घरी येऊन आधी यांना शिकवलं, मग मला.

डॉक्टरीणबाई थकल्या, प्रसूतिगृह बंद झालं, आणि ते स्टूल मालनताईच्या इंदिरानगरच्या घरी आलं. पुढे तिच्या सुनेला बाळंतपणासाठी मोठ्या दवाखान्यात नेलं. मालनताई नितीनला म्हणाली, तू आत जा. "आई, तिथे आत सोडत नाहीत."

"विचारलंस का?"

त्याने विचारलं नव्हतं. सून आत एकटी ओरडत होती आणि हा बाहेर येरझाऱ्या घालत होता. "जगाच्या नवऱ्यांना शिकवलं गं," मालनताई नंतर मला म्हणाली, "घरचाच कोरा राहिला." ती हसली, पण मला नाही हसू आलं.

शेवटच्या आजारात तिने माझ्यादेखत नितीनला सांगितलं होतं, "मरायची भीती नाही रे. फक्त एकटीला ठेवू नका." मग तिला आयसीयूत हलवलं. जवळ कुणाला बसू देतात का, हे मी तिथल्या सिस्टरला विचारलं. ती म्हणाली, मुलाने मोठ्या डॉक्टरांशी बोलावं, रात्रंदिवस नाही, पण थोडा वेळ जवळ बसू देतात. मी तसंच नितीनच्या कानावर घातलं. "हो मावशी, विचारतो," तो म्हणाला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या बायकांना एकटं न सोडणारी ही बाई... आणि तिच्या उशाशी कोणी नव्हतं.

परवा भेटायला गेले. हॉलमध्ये त्याच स्टुलावर तिचा फोटो ठेवलाय, वर चंदनाचा हार. सून चहा करायला आत गेली.

"डॉक्टरांना विचारलंस का रे?" मी नितीनला म्हटलं.

तो उठून फोटोवरचा हार सारखा करू लागला. मी फोटो उचलून टेबलावर ठेवला, स्टूल त्याच्यापुढे सरकवलं आणि बस म्हटलं. तो बसला नाही.