बाहेरून कडी

समुद्रपूरच्या पुढे एका गावात मी लहान मुलांची वजनं करत फिरत होते. मला नोकरी लागून जेमतेम दोन महिने झाले होते. साल अठ्ठ्याहत्तर की एकोणऐंशी, नक्की सांगता येत नाही. कापूस फुटला होता एवढं पक्कं आठवतं. गावाला पोषण आहाराचं केंद्र द्यायचं की नाही, हे माझ्या कागदांवर ठरणार होतं. नियम सोपा होता. दर पाचवं घर घ्यायचं, आणि ते बंद असेल तर वेगवेगळ्या वेळी तीनदा जायचं.

मी तीनदा गेले, पण तिन्ही वेळा अकराच्या एसटीने. दाराला कडी दिसली की 'बंद' लिहायचं आणि मोठ्या गल्लीतलं एखादं उघडं घर धरायचं, असा सोयीचा मार्ग मी शोधून काढला. उघड्या घरी बसायला बाज मिळे, चहा मिळे, आणि गुटगुटीत पोरं टांगत्या काट्याच्या झोळीत खिदळत. गावाबाहेर गोंड कुटुंबांचा टोला, म्हणजे छोटी वस्ती होती, तिथली सगळीच घरं बंद. तिथलं एकही मूल यादीत आलं नाही, पण काम वेळेआधी संपलं म्हणून मी स्वतःवर भारी खूश होते.

शेवटच्या दिवशी चारची एसटी चुकली. फाट्यावर बसले होते, तर कापसाच्या वेचणीवरून बायांचे घोळके परतू लागले. मी एकेकीचं तोंड बघत होते. एवढे दिवस त्या गावात फिरूनही त्यांतली एकही माझ्या ओळखीची नव्हती. मी पिशवीतून यादी काढली आणि 'बंद' लिहिलेली घरं मोजू लागले.

दोन दिवस कागद पिशवीतच ठेवले. बोलावं तर नोकरी जाईल, आणि गप्प बसावं तर गुटगुटीत पोरांच्या आकड्यांवर गावाचं केंद्र जाईल. शेवटी सेवाग्रामला जाऊन आमच्या पाहणीच्या प्रमुख डॉक्टरबाईंना सगळं सांगितलं, रडत रडतच.

त्या ओरडल्या नाहीत, त्याचीच जास्त भीती वाटली. म्हणाल्या, "दिवसाढवळ्या घरी कोण सापडतं? ज्यांना मजुरीला जावं लागत नाही, ते. तू त्यांचीच पोरं मोजलीस. आता बंद घरं उघडी सापडतील अशा वेळी जा."

गावात मुक्काम केला आणि उजाडायच्या आत टोला गाठला. पहिल्याच घरी बाई भाकरी बांधून निघायच्या बेतात होती. आत गोधडीवर तिची पाचेक वर्षांची मुलगी पडली होती. तिला झोळीत बसवलं, तर काटा जेमतेम हलला.

"दिवसा हिला कुठे ठेवता?"

"कुठं नेतो, बाई? घरातच राह्यते. कुत्रं शिरते म्हणून बाहेरून कडी लावून जातो."

त्या घरापुढे मी तीनदा 'बंद' लिहिलं होतं. मी ते खोडून तिचं वजन लिहिलं.

पुढे केंद्र मिळालं, तेही टोल्याला लागूनच. पण त्या सकाळी झोळीतून उतरवताना मुलगी आईला म्हणाली, "हे बाई आलती. फटीतून दिसली. कडी पाह्यली अन् गेली."

मी विचारलं, "मग तू आतून बोलली का नाहीस?"

"तुमी आवाजच नाई देल्ला."